खासगी दवाखान्याची पायरी आणि आपले लेकरू

वस्तीत मूल आजारी पडले म्हणजे त्याला काय झाले आहे हा प्रश्न दुसरा येतो. पहिला येतो तो कुठे न्यायचे हा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणारा बाप असो की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणारी आई असो, त्या रात्री घरात जी चर्चा होते ती तापाची नसते. जवळ किती आहेत, कोणाकडून किती उसने मिळतील आणि सिव्हिलला नेले तर कोणी विचारील का, याची ती चर्चा असते. शेजारची म्हातारी सांगते, 'सिव्हिलला नको नेऊ माय, तिथं कोन बघत नाय.' दीर सांगतो, 'प्रायव्हेटला टाका, पैशाचं बघू नंतर.' हे 'नंतर' कधी येते आणि कसे येते याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. साहित्य, धर्मांतर, राखीव जागा, जमीन यांवर आपण पुष्कळ लिहिले आणि ते लिहावयासच हवे होते. पण लेकराच्या आजारपणात कष्टकरी दलित कुटुंब एका रात्रीत जो निर्णय घेते, ज्याचे हप्ते पुढची तीन वर्षे फेडते, तो निर्णय आपण चर्चेबाहेरच ठेवला.

खासगीत नेऊ नका, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पोर तडफडत असताना आईबापांना असले उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. सांगावयाचे आहे ते एवढेच, की 'खासगी की सरकारी' असा प्रश्न टाकला की उत्तर हमखास चुकते. कोणता आजार, आजाराची कोणती घटका, हाती कोणता कागद आणि पैसे संपले तर पुढची वाट कोणती, अशा चार अंगांनी तो विचारावा लागतो.

आधी हे पाहू, की आपला माणूस सरकारी दवाखान्याची फुकटची पायरी सोडून खासगीच्या महागड्या पायरीकडे का वळतो. त्याला पैशाची किंमत कळत नाही म्हणून तो वळतो, असे शहाणी माणसे म्हणतात. हे खोटे आहे. पैशाची किंमत त्याच्याइतकी कोणालाच कळत नाही.

१२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. बाबासाहेबांनी ते पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणांत घेतले. शिक्षकाची बायको नुकतीच बाळंत झालेली, दोनच दिवसांत तिचे दुखणे बळावले. गावातला डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यावयास तयार नाही. नगरशेठ मध्ये पडला, दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर आला. पण बाईला वस्तीच्या बाहेर आणा, या अटीवर. दोन दिवसांच्या बाळासह ओली बाळंतीण बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोच्या हातात. परत येतानाही तो त्याच वाटेने आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. औषध आले, पण पुन्हा तपासायला तो आला नाही. बाई गेली.

या हकिकतीत फी दिलेली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे ते खासगी वैद्यकच होते. १९२९ साली आपल्या माणसाने पैसे मोजले तरी त्याला डॉक्टरचा हात विकत मिळत नव्हता. आज तो मिळतो. आजचा खासगी डॉक्टर पोराला टेबलावर निजवतो, पोट दाबून पाहतो, छातीला नळी लावतो, आईला 'बसा ताई' म्हणतो. सरकारी दवाखान्यात चार चार तास रांगेत उभे राहून, 'इतके दिवस झोपला होतात का' हे ऐकून, पोराला हात न लावता लिहिलेली चिठ्ठी हाती पडते तेव्हा त्या बाईला जे आठवते ते तिच्या आजीने सांगितलेले असते. ती पैसे मोजते ते औषधासाठी नंतर, आधी हातासाठी. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानच्या खेड्यांतील दलित मुलांना आरोग्यसेवा घेताना येणाऱ्या अनुभवांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. औषध देताना, तपासताना, घरभेटीला येताना मुलांच्या वाट्याला येणारा भेदभाव त्यात नोंदवला आहे. स्पर्शाचा प्रश्न मिटला म्हणणाऱ्यांनी तो पाहावा.

याच्या उलट टोकाला १८९७ सालची गोष्ट आहे. पुण्याला प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत याने हडपसरजवळच्या माळावर प्लेगचा दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथे नेले. पोर वाचले, त्याच संसर्गाने सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपल्या परंपरेत दवाखाना कसा असावा, याचा दाखला हवा असेल तर तो हा आहे.

पण हात विकत मिळाला म्हणजे उपचार मिळाला, असे होत नाही. इथे नाशिकचीच गोष्ट सांगावी लागते.

२०१७ च्या सप्टेंबरात नाशिकचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. जिल्हा रुग्णालयातील, म्हणजे आपल्या सिव्हिलमधील, नवजात बालकांच्या कक्षात ऑगस्ट या एका महिन्यात ५५ बाळे दगावली होती. एप्रिलपासूनचा आकडा १८७ होता. गोरखपूरच्या सरकारी रुग्णालयात बालके मेल्याची बातमी त्याच ऑगस्टमधली, त्यामुळे नाशिकची बातमी अधिकच गाजली. कक्षात काचेच्या पेट्या होत्या १८. जागा अपुरी म्हणून एका पेटीत दोन दोन, कधी तीन तीन बाळे ठेवावी लागत होती. जिल्हा शल्यचिकित्सकांनी खुलासा केला, की मेलेल्यांपैकी बहुतेक बाळे खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणलेली होती आणि त्यांच्या जगण्याची आशा फारच थोडी उरलेली होती.

त्या वेळी अनेकांनी हा खुलासा म्हणजे हात झटकणे आहे असे म्हटले. तो हात झटकणेच होता, कारण एका पेटीत तीन बाळे निजवली म्हणजे एकाचा जंतू तिघांना, हे कळण्यास मोठ्या पदवीची गरज नाही. पण त्या खुलाशात जे अर्धे सत्य होते त्याकडे आपण मात्र डोळेझाक केली. ही बाळे खासगीतून सिव्हिलला का आली? तिथे गुण येईना म्हणून काही आली असतील. पण वस्तीत राहणाऱ्याला दुसरे कारण ठाऊक असते. पैसे संपले म्हणून आली. पहिल्या दिवशी डिपॉझिट भरले ते घरातले होते. तिसऱ्या दिवशी भरले ते मंगळसूत्र गहाण टाकून. पाचव्या दिवशी बचत गटाचे, सातव्या दिवशी मुकादमाची उचल. आठव्या दिवशी डॉक्टरने सांगितले, 'अजून पंधरा दिवस पेटीत ठेवावे लागेल, जमत नसेल तर सिव्हिलला न्या.' आणि मग रिक्षात, आजीच्या मांडीवर, प्राणवायू नसताना ते बाळ शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाले. म्हणजे खासगीचा सगळा खर्च आपल्या पदरी, आणि मृत्यूची नोंद सरकारी वहीत. या व्यवहारात नफा कोणाचा झाला, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

माझ्या मते या लेखातली कळीची गोष्ट हीच आहे. ज्या कुटुंबाला एका महिन्याचा खासगी खर्च पेलण्यासारखा नाही त्याने कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला आठ दिवस खासगीत ठेवून नवव्या दिवशी हलवणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. जे बाळ दीड किलोचे जन्माला आले आहे ते दोन दिवसांत घरी जाणारे नव्हे, हे डॉक्टरला पहिल्या तासात माहीत असते. सरकारी नवजात कक्षाचे भरतीचे नियमही तसेच आहेत. १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ तिथे दाखल करावयाचे असते. म्हणून पहिल्या तासात विचारावयाचा प्रश्न असा, की किती दिवस लागतील, रोजचे किती होतील आणि हलवावयाचे झाले तर आत्ता हलवणे बरे की नंतर. हा प्रश्न विचारण्यात लाज नाही. मोटारगाडीवाला माणूस तो बेधडक विचारतो. आपणच 'डॉक्टरसाहेब, पैशाची काळजी करू नका, पोराला वाचवा' म्हणतो आणि डॉक्टरसाहेब खरोखरच काळजी करीत नाहीत.

खर्चाचे प्रमाण किती, ते सरकारी पाहणीतूनच पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. बाळंतपणे वगळून, एका वेळच्या रुग्णालयभरतीचा देशभरचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सात पट. हे सरासरीचे आकडे आहेत; काचेच्या पेटीतल्या बाळाचे बिल या सरासरीपाशी थांबत नाही. शिवाय बिलात जे छापलेले नसते ते वेगळेच. दोघांचाही बुडालेला रोज, रिक्षा, बाहेरचे जेवण, मोठ्या पोरीची बुडालेली शाळा, कारण धाकट्याला सांभाळायला घरी तीच राहते.

आता सरकारी दवाखान्याची भीती निराधार आहे काय? तसे म्हणता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉक्टर झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि कोरोनाचे २२ रुग्ण तडफडून गेले. तो आकडा पुढे आणखी वाढला. हे सगळे ज्यांनी पाहिले त्यांना 'सरकारी दवाखान्यावर विश्वास ठेवा' असे नुसते सांगून भागत नाही. पण भीतीचा उपाय कर्ज हा होऊ शकत नाही, म्हणून आजाराकडेच वळू.

लहान मुलाच्या आजारांत बहुसंख्य आजार असे असतात, की त्यांना मोठा दवाखाना लागतच नाही. थोडे असे असतात, की त्यांत तासाभराचा उशीर जीव घेतो. आपल्याकडे घडते ते नेमके उलटे. साध्या जुलाबाला सलाईनची बाटली चढवण्यासाठी हजारो रुपये जातात आणि धाप लागलेल्या पोराला 'सर्दी आहे, उतरेल' म्हणून तीन दिवस घरी ठेवले जाते. सलाईनबद्दल तर वेगळाच लेख लिहावा लागेल. बाटली टांगली म्हणजे इलाज झाला, सुई टोचली म्हणजे डॉक्टरने मनावर घेतले, अशी आपली समजूत आहे आणि ती समजूत दवाखान्यांनीच पिकवली आहे. जुलाबात मूल मरते ते अंगातले पाणी आटून. पाणी, साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात तोंडाने दिले तर ते भरून निघते, हे १९७१ च्या बांगला निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हजारो रुग्णांवर दाखवून दिले. क्षारसंजीवनीची ती पुडी आज अंगणवाडीत, आशाताईकडे, आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिच्या जोडीला झिंकच्या गोळ्या १४ दिवस. मूल पीत असेल, लघवी करीत असेल, डोळे खोल गेले नसतील तर बाटलीची गरज नाही. डॉक्टर पुडी लिहून देतो म्हणून तो आपल्याला हलका समजतो असे नव्हे. पुडी लिहून देणारा डॉक्टर बहुधा प्रामाणिक असतो.

कोणत्या खुणा दिसल्या की घर सोडावयाचे, हे मात्र प्रत्येक आईला पाठ असावे. पाच वर्षांखालचे मूल काही पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. जे पोटात जाते ते सगळे उलटून पडते. आकडी आली आहे. हाका मारल्या तरी डोळे उघडत नाही, सुस्त पडले आहे. यांतली एकही खूण दिसली की रात्र आहे, पैसे नाहीत, नवरा घरी नाही हे काही पाहावयाचे नाही. न्यूमोनिया ओळखावयाचा तो श्वास मोजून. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचा ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो वेगाचा श्वास समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर भरतीच करावे लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला किंवा अंग गार पडले असले तरी थांबू नये. हे मोजणे निरक्षर बाईलाही जमते. काठेवाडच्या त्या बाईला न्यूमोनिया आहे हे ठरवायला थर्मामीटर तीन हातांतून फिरला. आज आईचा एक हात पुरेसा आहे.

अशा धोक्याच्या वेळी जो दवाखाना जवळ असेल तो आपला. तो खासगी आहे की सरकारी हे तेव्हा पाहावयाचे नाही आणि त्यालाही आपले खिसे पाहण्याचा अधिकार नाही. जीव धोक्यात असलेल्याला पहिला उपचार देणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले. पोराला प्राणवायू लावा, आकडी थांबवा, मग सिव्हिलला पाठवायचे तर चिठ्ठी लिहून द्या आणि १०८ ची गाडी बोलवा, एवढे मागणे हा हक्क आहे. हलवताना रिक्षा नको. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती फुकट आहे आणि तीत डॉक्टर व प्राणवायू असतो. आधीच्या दवाखान्यातले कागद, कोणते औषध किती वाजता दिले याची नोंद हातात असल्याशिवाय निघू नये. सिव्हिलच्या डॉक्टरला कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागली तर जाणारा वेळ बाळाचा जातो.

धोका टळल्यावर कागदांचा प्रश्न येतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. आजारी बाळाचे औषध, तपासण्या, रक्त, येण्याजाण्याची गाडी हे सगळे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारवर टाकले आहे; आधी तीस दिवसांच्या बाळापर्यंत होते, मग एक वर्षापर्यंत वाढले. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासणारे पथक येते ते २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, बहिरेपणा हे त्या पथकाने शोधावयाचे आणि शस्त्रक्रियेपर्यंत न्यावयाचे. पथक येते त्या दिवशी पोर मजुरीवर गेलेल्या आईबरोबर बागेत असते, ही त्यातली गोम आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे ऐकून सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला जोतिरावांचे नाव मिळाले. दीड लाखाची मर्यादा पाच लाख करण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना ती लागू करण्याचा निर्णय २०२३ चा. यादीवरच्या खासगी रुग्णालयात यादीवरचा उपचार रोख न भरता मिळतो. 'यादीवरचा' हा शब्द दोनदा वाचावा. योजना ठरावीक आजारांची आहे, बाह्यरुग्ण तपासणी तीत नाही, आणि भरती होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका द्यावी लागते. आधी रोखीने भरती व्हायचे आणि चार दिवसांनी 'योजनेत बसवा' म्हणावयाचे, हे सहसा जमत नाही. काउंटरवर 'योजना की कॅश' असा प्रश्न येतो तेव्हा 'योजना' म्हणताच पलंग नसतो आणि 'कॅश' म्हणताच तो निघतो, असा अनुभव सांगणारी माणसे प्रत्येक वस्तीत भेटतील. अशा वेळी आरोग्यमित्राकडून नकार कागदावर मागावा. कागद मागितला की पलंग पुष्कळदा सापडतो.

सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत मोठी गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची आहे. शहरातली अनेक मोठी, चकचकीत रुग्णालये खासगी मालकीची वाटतात. कायद्याने ती सार्वजनिक न्यास असतात. त्यांना करांत सवलत, कुठे स्वस्तात जमीन, कुठे अधिकचे बांधकाम मिळालेले असते. त्या बदल्यात, १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यातील कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार, दहा टक्के खाटा निर्धनांना पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्यावयाच्या असतात. निर्धन रुग्णाकडून खाटेचे, शुश्रूषेचे, नेहमीच्या तपासण्यांचे पैसे घ्यावयाचे नाहीत. औषधांचा खर्च रुग्णालयाच्या एकूण बिलांच्या दोन टक्क्यांतून उभारलेल्या निर्धन रुग्ण निधीतून करावयाचा. तातडीच्या वेळी अनामत न मागता दाखल करून घ्यावयाचे. ही भीक नाही, करार आहे. सवलत त्यांनी आधीच घेतलेली आहे, आपण आपला हिस्सा मागतो आहोत. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याची तक्रार आली आणि जुळ्या मुलींना जन्म देऊन ती बाई दुसरीकडे गेली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला हे कलम आठवले. ती मध्यमवर्गीय घरातली होती म्हणून निदान बोंब झाली. नाशिकला यासाठी दार आहे ते धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाचे. आणि रुग्णालयात विचारावयाचे ते 'समाजसेवक कुठे बसतात' असे, बिलाच्या खिडकीवर नव्हे.

साधे खासगी रुग्णालय असेल तर त्यालाही बंधने आहेत. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली तिने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे सक्तीचे केले. शहरात तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत आणखी दोन गोष्टी आहेत: औषध त्यांच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही, आणि बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

इथे कायद्यातला एक विनोदही नोंदवून ठेवतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि जिथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतो तिथला रुग्ण ग्राहक नव्हे. म्हणजे खासगीत कर्ज काढून गेलेला बाप ग्राहक न्यायालयात भांडू शकतो. सिव्हिलच्या पेटीत बाळ गमावलेल्या आईला ते दार बंद. तिच्यासाठी उरतो तो अर्ज, मोर्चा आणि संविधानाचे २१ वे कलम. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराच्या प्रकरणात म्हटले, हे त्यातल्या त्यात.

आपली मुले राखीव जागांवर शिकून डॉक्टर झाली, त्यांच्याविषयी एक शब्द. कोणी सिव्हिलमध्ये रात्रपाळ्या करतात, कोणी स्वतःच्या नावाची पाटी लावली आहे. पाटी लावणे गुन्हा नाही. पण आपल्या डॉक्टरच्या दाराशीही 'आधी डिपॉझिट' असाच बोर्ड असेल तर वस्तीतल्या माणसाने त्याला आपला का म्हणावे, हे त्याने एकदा तरी स्वतःला विचारावे.

आणि नाशिककरांना आणखी एक विचारावेसे वाटते. राज्यभरच्या डॉक्टरांना पदव्या देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र इथे उघडले ते ९ ऑक्टोबर २०२४ रोजी. सव्वीस वर्षे पदव्या इथून निघत होत्या आणि जिल्ह्यातली पोरे मोठ्या दुखण्याला मुंबईला किंवा धुळ्याला जात होती. काळारामाच्या दारासाठी आपण १९३० ते १९३५ सत्याग्रह केला. या दुसऱ्या दारासाठी आपला आवाज का उठला नाही? मला वाटते, ज्यांना बोलता येत होते ते दरम्यानच्या काळात खासगीत जाऊ लागले होते. सिव्हिलच्या रांगेत उरले ते, ज्यांचे कोणी ऐकत नाही ते. रांगेतून शिकलेला माणूस निघून गेला, की खिडकीमागचा माणूस मस्तवाल होतो.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. धर्मादाय रुग्णालय तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागते, योजना शिधापत्रिका मागते. पोराला आकडी आल्यावर दाखला मिळत नाही. त्याला तलाठी लागतो, अर्ज लागतो, दिवस लागतात. हाच दाखला जून महिन्यात शाळेच्या सवलतीसाठी आपण काढतोच. तो काढताना दोन झेरॉक्स अधिक काढाव्यात, शिधापत्रिकेत नव्या बाळाचे नाव चढवून घ्यावे, आणि हे सगळे बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगावे. वस्तीतल्या मंडळाने, विहारातल्या पोरांनी, यादीवरची रुग्णालये कोणती, धर्मादाय कोणती आणि तिथला समाजसेवक कुठे बसतो, एवढे एका कागदावर लिहून फलकावर लावले तर जयंतीच्या वर्गणीतले त्याला शंभर रुपयेसुद्धा लागणार नाहीत.